सत्तर प्रश्न आणि एक रकाना

इ. स. १८९२ या एका वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानांतील वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ माणसें नव्यानें दाखल झालीं. प्रत्येक माणसाबरोबर पोलीस अगर मॅजिस्ट्रेट यांच्याकडून एक कागद येई. त्यावर नांव, जात, वय, धंदा वगैरे माहिती असे आणि त्यांतच ‘वेडाचें कारण’ असा एक रकाना असे. त्या वर्षींच्या २२२ माणसांच्या बाबतींत या रकान्यांत गांजा, भांग किंवा चरस यांपैकीं कशाचें तरी नांव लिहिलेलें होतें. नागपूरचें वेड्यांचें इस्पितळ १८६४ सालीं निघालें होतें; तेथेंहि हाच कागद आणि हाच रकाना चाले.

हा रकाना कोण भरी आणि कशाच्या आधारावर भरी, हा प्रश्न पुष्कळ वर्षें कोणास फारसा पडला नाहीं. भ्रमिष्ट होऊन बाजारांत हिंडणारा माणूस पोलिसांनीं धरावा; त्याचे नातेवाईक बहुधा दूरच्या खेड्यांत; हवालदारानें जमलेल्या लोकांस विचारावें, कोणी ‘चिलीम ओढीत असे’ म्हणावें, आणि तेवढ्यावर रकाना भरून कागद पुढें जावा, अशी एकंदर तऱ्हा होती. इस्पितळाचा डॉक्टर तोच शब्द आपल्या वहींत उतरवून घेई. वर्षअखेर त्या वह्यांवरून कोष्टकें तयार होत आणि कोष्टकांवरून ‘गांजानें माणूस वेडा होतो’ हें सरकारी सत्य तयार होई. गांजा कायदेशीर असावा कीं नसावा, या आजच्या वादांत दोन्ही बाजूंनीं जें बोललें जातें त्याचें मूळ पुष्कळ अंशीं या रकान्यांत आहे. आणि ज्या चौकशींत त्या रकान्याची झडती घेतली गेली, तींत नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांताचा वाटा लहान नव्हता.

चौकशीची सुरुवात लंडनमध्यें झाली. डब्ल्यू. एस. केन हे पार्लमेंटचे सभासद मद्यपाननिषेधाचे मोठे पुरस्कर्ते होते. २ मार्च १८९३ रोजीं त्यांनीं कॉमन्स सभेंत बंगालमधील गांजाची लागवड, त्याची विक्री आणि लोकांच्या नीतीवर होणारा त्याचा परिणाम यांविषयीं प्रश्न विचारून चौकशीची मागणी केली. अफूच्या व्यापाराविरुद्ध विलायतेंतील धर्मशील मंडळींची चळवळ त्याच वेळीं भर रंगांत होती आणि अफूसाठीं त्याच वर्षीं निराळें रॉयल कमिशन नेमलें गेलें. गांजाची चौकशी मूळ बंगालपुरतीच व्हावयाची, ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू झाली, आणि जुलै १८९३ मध्यें सात जणांचें कमिशन नेमण्यांत आलें. अध्यक्ष पंजाबचे डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, मुंबई इलाख्यांतील ओमॅनी, मध्यप्रांताच्या नोकरींत मुरलेले ए. एच. एल. फ्रेझर आणि कलकत्त्याचे रसायनशास्त्रज्ञ सर्जन-मेजर वॉर्डन हे इतर गोरे सभासद. ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कपूरथळ्याच्या राजघराण्यांतील कंवर हरनामसिंग आणि मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद हे हिंदी सभासद. मराठी मुलखांतला हिंदी सभासद त्यांत एकहि नव्हता.

या मंडळानें सत्तर प्रश्नांची एक यादी छापून देशभर पाठविली. हें झाड तुमच्या भागांत आपोआप उगवतें काय? कोण लावतो? कोणत्या जातींचे व कोणत्या धंद्यांचे लोक तें सेवन करतात? बेताचें सेवन आणि अतिसेवन यांत तुम्ही भेद कसा करतां? पचन बिघडतें काय, बुद्धि मंदावते काय, वेड लागतें काय? गुन्हेगार धाडस येण्यासाठीं चिलीम ओढतो काय? एखाद्या देवाच्या पूजेंत त्याचा उपयोग होतो काय? बंदी केली तर लोक चिडतील काय, आणि चिडले नाहींत तरी दारूकडे वळतील काय? एकंदर १,१९३ साक्षीदार झाले. कलेक्टर, सिव्हिल सर्जन, मिशनरी, वैद्य, हकीम, वकील, जमीनदार, मक्तेदार आणि शेतकरी अशी सर्व तऱ्हा त्यांत होती. मध्यप्रांताच्या साक्षी निराळ्या आणि वऱ्हाडच्या निराळ्या छापल्या गेल्या, कारण वऱ्हाड त्या वेळीं हैदराबादच्या रेसिडेंटाच्या कारभारांत होतें. नागपूरशीं तें १९०३ सालीं जोडलें गेलें.

मध्यप्रांतांत गांजाची स्थिति काय होती तें नीट पाहिलें पाहिजे, कारण ‘कायदेशीर गांजा’ हे शब्द आज जितके नवे वाटतात तितके ते नव्हते. त्या काळीं या प्रांतांत गांजाची लागवड फक्त निमाड जिल्ह्यांत, खांडव्याच्या आसपास करण्याची परवानगी होती. ज्याला गांजा लावावयाचा असेल त्यानें परवाना घ्यावा, किती जमिनींत लावणार तें सांगावें आणि पीक निघाल्यावर तें घरीं न ठेवतां सरकारी देखरेखीखालीं खांडव्याच्या कोठारांत आणून घालावें. तेथें त्याचें वजन होई. ठोक व्यापारी परवाना दाखवून माल घेई, बाहेर काढतांना त्यावर सरकारची जकात भरी आणि मग तो माल ठिकठिकाणच्या परवानेवाल्या दुकानांत जाई. दुकानाचा मक्ता लिलांवानें दिला जाई. गिऱ्हाइकास एका वेळीं ठराविक वजनापेक्षां अधिक देण्यास दुकानदारास मनाई होती. नागपूरच्या एखाद्या मजुरानें चिलमींत घातलेला चिमूटभर गांजा शेतापासून चिलमीपर्यंत अशा रीतीनें सरकारच्या वहींतून पार पडून आलेला असे.

हें पीक सोपें नव्हे. पावसाळ्यांत पेरणी होई. उत्तम खत आणि वरचेवर खुरपणी लागे. गांजाच्या झाडांत नर आणि मादी निराळीं असतात. मादीच्या फुलाला नराचा पराग लागला कीं तींत बी धरतें आणि ज्या राळेसाठीं तें पीक घ्यावयाचें ती कमी होते. म्हणून फुलोरा येण्याच्या सुमारास शेतकऱ्याला सारें शेत ओळीनें तपासून नर झाड तेवढें उपटून टाकावें लागे. एक झाड नजरेतून सुटलें तरी पिकाचा कस जाई. बंगालमध्यें राजशाही जिल्ह्यांतील नौगांवला तर हें काम करणारे खास पारखी असत. थंडींत मादी झाडें कापून उन्हांत पसरीत, आणि फुलांचे शेंडे थरांवर थर घालून पायांनीं तुडवून चपटे करीत. पानें निराळीं निघत, त्यांची भांग, फुलांचा गांजा, झाडावरची राळ खरवडून काढली कीं तिचा चरस. चरस आपल्याकडे होत नसे. तो मध्य आशियांतून हिमालयाच्या वाटांनीं पंजाबांत उतरे. झाड एक आणि वस्तु तीन, ही गोष्ट पुढें कायद्याच्या दृष्टीनें फार महत्त्वाची ठरली.

हा गांजा ओढी कोण? कमिशनपुढें आलेल्या उत्तरांतून एक चित्र सगळीकडे सारखें दिसतें. बैरागी, गोसावी, फकीर हे तर आलेच. पण त्यांखेरीज चिखलांत, पावसांत, थंडींत उभें राहून काम करणारे लोक, कोळी, धोबी, पालखीचे भोई, शेतमजूर. थंडीतापापासून बचाव होतो, थकवा जातो, भूक लागते, अशी त्यांची समजूत. वरच्या वर्गांतला माणूस शिवरात्रीस अगर होळीस भांग घेई आणि तिला ‘विजया’ हें वैद्यकांतलें संस्कृत नांव असल्यामुळें घरांत ती चालेहि. चिलीम मात्र ओसरीच्या खालीं. ‘गांजेकस’ हा शब्द मराठींत शिवी म्हणून वापरला जातो, ‘भांगबाज’ या शब्दाला तितकी धार नाहीं. कस जास्त असेल त्या वस्तूचा तिरस्कारहि जास्त व्हावा हें समजतां येतें. परंतु त्या तिरस्कारांत कसापेक्षां ओढणाऱ्याची जात आणि त्याचें दारिद्र्यच अधिक होतें, हें नाकारतां येणार नाहीं.

विदर्भांत या बाबतींत मोठी गंमतीची विसंगति आहे. शेगांवच्या गजानन महाराजांचें चित्र घरोघर लावलेलें असतें आणि त्या चित्रांत चिलीम असते. दासगणूंच्या पोथींत काशीचा एक गोसावी नवसाचा गांजा घेऊन महाराजांकडे येतो, तो प्रसंग पारायण करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याच विदर्भांत तुकडोजी महाराजांनीं आणि गाडगे महाराजांनीं खेडोपाडीं व्यसनांविरुद्ध जन्मभर आवाज उठविला. भाविक माणूस या सर्वांना एकाच श्रद्धेनें नमस्कार करतो आणि त्यांत त्याला कांहीं अडचण वाटत नाहीं. कमिशनपुढें मुंबईच्या जे. एम. कॅंपबेल या अधिकाऱ्यानें भांग आणि धर्म यांचा संबंध दाखविणारें एक टिपण सादर केलें, तें अजूनहि वाचलें जातें. ज्या वस्तूला लोक देवाचा प्रसाद मानतात ती हिसकावून घेतल्यास सामान्य माणूस तो जुलूम समजेल, असा त्याचा रोख होता. तो युक्तिवाद राज्यकर्त्याचा आहे. देवाला वाहिलेली वस्तु माणसाच्या फुप्फुसांस अपाय करीत नाहीं, असें कांहीं त्यावरून सिद्ध होत नाहीं.

आतां त्या रकान्याकडे वळूं. कमिशननें १८९२ च्या त्या २२२ माणसांपैकीं प्रत्येकाची शक्य तेवढी पुन्हां चौकशी करविली. ज्या गांवाहून तो आला त्या गांवीं विचारपूस झाली, नातेवाईक शोधले गेले, इस्पितळांतले डॉक्टर तपासले गेले. तेव्हां असें आढळलें कीं, कित्येकांना वेड आधींच लागलेलें होतें आणि चिलीम मागाहून आली. कित्येकांच्या घराण्यांत वेड होतें. कांहीं दारू पीत. आणि कांहींनीं तर गांजाला स्पर्श केल्याचाहि पुरावा नव्हता. सर्व छाटछाट झाल्यावर, गांजा-भांगेचा वेडाशीं कांहीं तरी संबंध असावा असें म्हणतां येईल अशीं माणसें उरलीं ९८. त्यांतहि दुसरें कारण जोडीला नव्हतें अशीं ६१. म्हणजे एकंदर दाखल झालेल्यांत ते ९८ जण शेंकडा सात-सव्वासात. शून्य नव्हे, ही गोष्टहि ध्यानांत ठेवावी. अतिसेवनानें, विशेषतः मुळांतच मन दुबळें असलेल्या माणसास, वेड लागूं शकतें हें कमिशननें मान्यच केलें. परंतु ‘गांजा ओढी म्हणून वेडा’ हें वाक्य अर्ध्याहून अधिक वेळां खोटें होतें.

याच सुमारास कलकत्त्याला डॉ. डी. डी. कनिंगहॅम यांनीं माकडांना गांजाचा धूर देऊन पाहिला आणि मग त्यांच्या मेंदूची तपासणी केली. धोत्रा आणि दारू यांनीं होते तशी मेंदूची खराबी गांजाच्या माकडांत त्यांना दिसली नाहीं. आजच्या शास्त्रज्ञास तो प्रयोग फारच तोकडा वाटेल. पण पन्नास वर्षांपूर्वीं, १८३९ सालीं, त्याच शहरांत ओशॉनेसी या डॉक्टरानें गांजाचा अर्क धनुर्वातावर आणि आंकडीवर देऊन त्याची माहिती विलायतेच्या वैद्यकांत पोंचविली होती. तेव्हां हें झाड प्रयोगशाळेंत नेऊन पाहण्याची परंपरा आपल्याच देशांत सुरू झाली, हें विसरतां येत नाहीं.

अहवाल ऑगस्ट १८९४ मध्यें सादर झाला. साक्षींसह त्याचीं पृष्ठें तीन हजारांच्या वर जातात. निकाल थोडक्यांत असा : बेताच्या सेवनानें म्हणण्यासारखा अपाय होत नाहीं, अतिसेवन अपायकारक आहे, पण अतिसेवन करणारे थोडे, त्यांचा दोष बहुधा त्यांच्यापुरताच राहतो, समाजास त्याची झळ क्वचित् लागते. सबब संपूर्ण बंदी आवश्यकहि नाहीं आणि इष्टहि नाहीं. तिच्याऐवजीं लागवड परवान्यानें व्हावी आणि एका ठिकाणीं आणावी, माल कोठारांत राहावा, कर पुरेसा असावा, दुकानें कमी करावीं, एका माणसाजवळ किती माल असावा यास मर्यादा घालावी. खांडव्याला जें आधींच चालू होतें, तेंच पुष्कळ अंशीं साऱ्या देशास सांगितलें गेलें.

सात जणांपैकीं राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद या दोघांनीं मात्र आपलीं भिन्न मतें जोडलीं. हिंदी सभासद तीन, आणि त्यांतले दोघे विरुद्ध, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. ज्यांना आज गांजा कायदेशीर हवा असतो ते १८९४ च्या अहवालाला वेदवाक्य मानतात. हिंदुस्थानच्या जुन्या चालीरीतींचा तो कैवार आहे असें म्हणतात. आणि हिंदुस्थानच्याच दोन सुशिक्षित माणसांस तो पटला नव्हता हें वगळतात. दुसरी वगळलेली गोष्ट पैशाची. अबकारीचें उत्पन्न सरकारला हवें होतें, आणि ज्या अधिकाऱ्यांच्या साक्षी झाल्या त्यांतले पुष्कळ तो कर वसूल करणारेच होते. जेम्स मिल्स या इतिहासकारानें २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या चौकशीच्या निःपक्षपातीपणाची जी चिकित्सा केली आहे ती डोळ्यांआड करतां येत नाहीं. तरी एवढें खरें कीं, कमिशननें रकाना तपासला. त्यानंतर इतक्या बारकाईनें, इतक्या विस्तारानें आणि साक्षीपुराव्यानिशीं या एका वनस्पतीची चौकशी या देशांत पुन्हां झाली नाहीं.

गांजावर खरा आघात झाला तो वैद्यकाकडून नव्हे, राजकारणाकडून. डिसेंबर १९२० मध्यें नागपुरास काँग्रेसचें अधिवेशन भरलें आणि असहकाराचा ठराव कायम झाला. दारूच्या दुकानांवर स्वयंसेवक उभे राहूं लागले. लोकांच्या व्यसनावर कर बसवून त्या पैशांतून शाळा चालविणारें सरकार ही गोष्ट गांधीजींस लाजिरवाणी वाटे, आणि वर्ध्याला आल्यावर १९३७ सालीं शिक्षणाचा विचार करतांना त्यांनीं ती स्पष्टपणें बोलूनहि दाखविली. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळानें १९३८ सालीं दारूबंदीचा कायदा केला. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमांत औषधाखेरीज मादक पेयें व आरोग्यास अपायकारक अशीं मादक द्रव्यें यांच्या बंदीसाठीं राज्यानें झटावें असें मार्गदर्शक तत्त्व आलें. गांजाविरुद्धचा सर्वांत सबळ युक्तिवाद हाच आहे : वेडाचा नव्हे, गुन्ह्याचाहि नव्हे; ज्याला मतें मागावयाचीं त्या सरकारनें गरिबाच्या चिलमींतून महसूल काढावा काय, हा. याला उत्तर देणें सोपें नाहीं, आणि दारूच्या बाबतींत महाराष्ट्र सरकारनें तें दिलेलेंहि नाहीं. शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत बंदी आणि नागपूर शहरांत परवानेवालीं दुकानें, हा देखावा रोजचा आहे.

बाहेरच्या जगांत निराळेंच चाललें होतें. १९२५ सालीं जिनीव्हाच्या अफू परिषदेंत ईजिप्तच्या प्रतिनिधीनें हशीशचा प्रश्न काढला आणि गांजा प्रथमच आंतरराष्ट्रीय करारांत आला. हिंदुस्थानच्या प्रतिनिधींनीं तेव्हां देशांतल्या जुन्या वहिवाटीकडे बोट दाखवून अंतर्गत विक्रीवर बंदी येऊं दिली नाहीं. १९६१ च्या न्यूयॉर्कच्या एकत्रित करारांत हें टळलें नाहीं. त्यांत गांजाची जागा अफूच्या पंक्तींत ठरली. औषध आणि संशोधन यांखेरीजचा वापर करार अंमलांत आल्यापासून पंचवीस वर्षांत थांबविला पाहिजे असें ठरलें. करार डिसेंबर १९६४ मध्यें अंमलांत आला, म्हणजे मुदत १९८९ पर्यंत. ‘गांजा’च्या व्याख्येंतून शेंड्यांशिवायचें पान वगळलें गेलें, त्यामुळें भांग तेवढी वांचली. मधल्या काळांत, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं, प्रांतांच्या सीमा बदलल्या. नागपूर मुंबई राज्यांत आलें, खांडवा मध्यप्रदेशांत राहिला, आणि शेत व दुकान यांची शंभर वर्षांची सोयरीक कागदोपत्रीं तुटली.

मग १९८५ आलें. मुदत जवळ येत चालली होती, आणि त्याच वेळीं पश्चिमेकडून व पूर्वेकडून येणारें हेरॉइन हिंदुस्थानांतून परदेशीं जाऊं लागलें होतें. सप्टेंबरमध्यें राष्ट्रपतींची संमति मिळून १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा नवा कायदा लागू झाला. हेरॉइनच्या टोळ्यांसाठीं विणलेल्या त्या जाळ्यांत खांडव्याचा गांजाहि घातला गेला. नव्वद वर्षांपूर्वींच्या निकालाचें खंडन करणारी तशीच देशव्यापी चौकशी होऊन हें ठरलें असतें तर गोष्ट वेगळी होती. तसें झालें नाहीं. तारीख आली म्हणून दार लागलें.

त्या कायद्याचा आजचा हिशोब असा आहे. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प’ समजला जातो. त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, अगर दहा हजारांपर्यंत दंड, अगर दोन्ही. वीस किलोंच्या वर ‘व्यापारी’ माल. त्याला कमीत कमी दहा आणि जास्तींत जास्त वीस वर्षें, आणि जामीन मिळणें अत्यंत कठीण. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. पूर्वेकडून येणाऱ्या गाड्यांतून गांजाचीं पुडकीं पकडल्याच्या बातम्या नागपूरच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. पकडला जातो तो बहुधा पुडकें वाहून नेणारा. माल लावणारा आणि माल घेणारा यांचीं नांवें त्याला पुष्कळदां ठाऊकहि नसतात. तुरुंगांत त्याचीं वर्षें जातात, घरीं म्हातारी आई वकिलाच्या फीसाठीं शेताचा तुकडा विकते. आणि पुढच्या गाडींत दुसरा कोणी तरी बसतो. २०१९ सालीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केंद्र सरकारसाठीं केलेल्या पाहणींत वर्षभरांत गांजा, चरस किंवा भांग घेतलेले लोक सुमारें ३ कोटी १० लाख निघाले. त्यांपैकीं बेकायदेशीर समजला जाणारा गांजा-चरस घेणारे सुमारें १ कोटी ३० लाख. चौतीस वर्षांच्या बंदीनंतरचा हा आंकडा आहे.

कायदेशीर विक्रीच्या बाजूचा युक्तिवाद येथूनच सुरू होतो. ज्या वस्तूचा बाजार आहेच, तिच्या बाजाराला परवाना, वजन, वयाची अट आणि भेसळीची तपासणी लावावी. तें काम चोरट्याच्या हातीं ठेवूं नये. पंजाबांतील खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनीं २०१६ सालीं या धर्तीवर खाजगी विधेयक पुढें आणलें. उरुग्वेनें २०१३ सालीं कायदा केला, कॅनडानें ऑक्टोबर २०१८ मध्यें विक्री मोकळी केली, जर्मनीनें एप्रिल २०२४ पासून प्रौढांना थोडा गांजा जवळ ठेवण्यास व घरीं तीन झाडें लावण्यास मुभा दिली. २ डिसेंबर २०२० रोजीं व्हिएन्ना येथें संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानें अत्यंत घातक द्रव्यांच्या यादींतून गांजाचें नांव २७ विरुद्ध २५ मतांनीं काढून टाकलें. त्या सत्तावीस मतांत भारताचें एक होतें, हें येथें फार थोड्यांच्या कानांवर गेलें.

उलट बाजूस आतां १८९४ पेक्षां भक्कम पुरावा आहे. स्वीडनमध्यें सैन्यांत भरतीसाठीं आलेल्या पंचेचाळीस हजारांवर तरुणांचा पंधरा वर्षें माग काढून १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, भरतीपूर्वींच पन्नासांहून अधिक वेळां गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचें प्रमाण इतरांच्या सहापट होतें. इतर कारणें वजा केल्यावर तें पुष्कळ उतरलें; नाहींसें झालें नाहीं. शिवाय खांडव्याच्या शेतांतला पायांनीं तुडविलेला गांजा आणि आज बंद खोलींत दिव्यांखालीं वाढविलेला निवडक जातीचा माल यांचा कस एक नव्हे. तेव्हां सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची आई भिते ती उगीच भिते असें म्हणणें हा शहाणपणा नव्हे. मात्र त्या मुलाचें वय विचारणारा दुकानदार कोणत्या व्यवस्थेंत असतो आणि कोणत्या व्यवस्थेंत नसतो, हेंहि त्या आईला कोणी तरी सांगितलें पाहिजे.

१८९४ चा तो अहवाल आतां स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें सर्वांसाठीं खुला केला आहे; मध्यप्रांतांतील साक्षीदारांनीं सत्तर प्रश्नांना दिलेलीं उत्तरें त्यांत घरबसल्या वाचतां येतात. १८६४ चें तें इस्पितळ प्रादेशिक मनोरुग्णालय या नांवानें नागपुरांत अजून चालू आहे. मनोविकाराच्या रोग्याची हकीकत लिहून घेतांना आतांचे डॉक्टर कारणाकडे वळण्यापूर्वीं आणखी एक गोष्ट नोंदवितात : ही माहिती कोणीं सांगितली, त्याचें रोग्याशीं नातें काय, आणि ती कितपत विश्वसनीय आहे.